सुवर्णकणांची तांबडी रेघ

लालबागेत राहणाऱ्या माणसाला सोन्याचे नवल वाटू नये. आमच्या बऱ्हाणपुरात एके काळी सोन्यारुप्याची तार ओढून कलाबतू वळण्याचा धंदा भरभराटीस आलेला होता. येथील सोनेरी काठांची तलम वस्त्रे इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात, असे सतराव्या शतकात येथे येऊन गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने नमूद करून ठेवले आहे. परंतु त्याच सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण तापाचे निदान करतात, हे मात्र आम्हांला गेल्या पावसाळ्यापर्यंत ठाऊक नव्हते.

भाद्रपदातील एका दुपारी आमच्या शाळेतील आठवीचा एक विद्यार्थी बाकावर कुडकुडत बसलेला आढळला. वस्तीतील आशाताईंना निरोप धाडला. त्यांनी मुलाच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब एका चपट्या पट्टीवर ठेवला, वर औषधी द्रवाचे थेंब सोडले आणि घड्याळ पाहत त्या बसून राहिल्या. “गुरुजी, वीस मिनिटं थांबा,” म्हणाल्या.

त्या वीस मिनिटांत आम्हांला आमची धाकटी बहीण आठवली. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तिला थंडी वाजून ताप येई. विषमज्वर समजून औषध चालले होते. पुढे रक्ताचा नमुना काचेवर घेऊन तपासणीसाठी दूर पाठविला गेला. सूक्ष्मदर्शकाखाली काच पाहणारा माणूस रजेवर होता. अहवाल अकराव्या दिवशी हाती आला. त्यात ‘फॅल्सिपेरम’ असा शब्द होता. बहीण नवव्या दिवशीच गेली होती. वडिलांनी तो कागद पंचांगात घालून ठेवला होता.

ही पट्टी काम कशी करते? तीवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेले असतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. हे कण तशा काही दहा नॅनोमीटरांचे असतात. प्रत्येक कणाला प्रतिपिंडे चिकटविलेली असतात. हिवतापाच्या परजीवीने रक्तात सोडलेले विशिष्ट प्रथिन ती प्रतिपिंडे नेमके धरतात, जणू एखाद्या कुलपाला त्याचीच किल्ली लागावी. रक्तातील द्रव टीपकागदात शाई पसरावी तसा पुढे सरकतो. वाटेत एका रेघेवर दुसरी प्रतिपिंडे पहारा देत असतात. ती त्या प्रथिनाला पकडतात आणि त्याबरोबर आलेले सुवर्णकण तेथेच अडकतात. लक्षावधी कण एकत्र जमले की रेघ तांबडी दिसू लागते.

सोने पिवळे, मग रेघ तांबडी कशी, असा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलाच. इतक्या सूक्ष्म रूपात सोन्याचे प्रकाशाशी वागणेच बदलते. हिरवा प्रकाश ते शोषून घेते आणि आपल्याला माणकासारखा रंग दिसतो. मायकेल फॅरडे याने असे माणिकरंगी सुवर्णजल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये तयार केले होते. त्याच्या कुप्या तेथे आजही जपून ठेवल्या आहेत.

वाचकांपैकी बहुतेकांनी हे तंत्र नकळत हाताळलेले आहे. करोनाच्या साथीत, मे 2021 मध्ये, पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या घरगुती चाचणीसंचास भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मान्यता दिली. नाकातील नमुना घेऊन पंधरा मिनिटांत घरच्या घरी निकाल कळे. नवविवाहित घरांतून होणारी गर्भधारणेची चाचणीही याच कुळातील. (आमच्या सूनबाईंनी हे सांगितले तेव्हा आम्ही जरा संकोचलोच.) आता ग्राफीन किंवा कार्बनच्या सूक्ष्म नळ्या वापरून रेघेऐवजी विजेच्या संकेताने जंतू ओळखण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांतून चालू आहेत.

तथापि पट्टी म्हणजे देववाणी नव्हे. ‘सी’ अक्षरासमोरची रेघ उमटली नाही तर चाचणीच बाद समजावी. रक्तात परजीवी अगदी थोडे असले तर रेघ उमटतच नाही. म्हणून ताप हटला नाही तर पुन्हा तपासून घ्यावे लागते. उलट, फॅल्सिपेरमचे प्रथिन रोगी बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात रेंगाळते आणि रेघ दाखवीत राहते. काचेवरची तपासणी त्यामुळे अद्याप बाद झालेली नाही. उन्हात पडून राहिलेल्या पट्टीवर तर भरवसा ठेवूच नये, असे आशाताईंनी बजावले. आमच्या निमाडच्या उन्हाळ्यात ही सूचना मोलाची आहे.

त्या दुपारी मात्र विसाव्या मिनिटाला दोन रेघा स्पष्ट उमटल्या: एक ‘सी’समोर, दुसरी ‘पीव्ही’समोर. हा व्हायवॅक्स जातीचा हिवताप. तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन, असा उपचार ठरला. मुलाची आई शेतमजुरीला जाते. ताप उतरल्यावर मुले गोळ्या टाकून देतात, हे ठाऊक असल्याने शाळेच्या दिवशीची गोळी त्याने मधल्या सुटीत, डबा खाऊन झाल्यावर, आमच्या समोरच घ्यावी असा नेम केला. नवव्या दिवशी तो स्वतःच पाण्याचा पेला घेऊन कार्यालयाच्या दाराशी उभा होता.