ठाणे ते कल्याण : खाडीकाठचे वीस किलोमीटर

पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चारशेच्या आसपास पाहुणे, २१ तोफांची सलामी, हा तपशील शाळकरी पोरांनाही पाठ असतो. वर्षभरानं, १ मे १८५४ ला, तीच रेल्वे खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. त्या दिवसाची आठवण मात्र फारसं कुणी काढत नाही. खरं तर ठाणे जिल्ह्याचं आजचं रूप घडवलं ते या दुसऱ्या टप्प्यानं.

ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. अंतर वीसेक किलोमीटर, स्लो लोकलला लागणारा वेळ अर्धा तास. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती, कल्याण-डोंबिवली महापालिकेची १२ लाख ४७ हजार. या दोन्ही शहरांचा कणा म्हणजे हे रूळ. पण ते टाकले गेले तेव्हा मधल्या गावांचा विचार कुणाच्या मनात नव्हता.

१८४३ मध्ये जॉर्ज क्लार्क या इंजिनिअरनं भांडुपला जाताना मुंबईपासून ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाटांपर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना मांडली. इंग्रज व्यापाऱ्यांचं लक्ष होतं घाटावरच्या कापसाकडे. कल्याण हवं होतं, कारण तिथून एक फाटा थळ घाटाकडे आणि दुसरा बोर घाटाकडे वळवता येत होता. बोर घाटाचं काम १८६३ मध्ये पुरं झालं, थळ घाटाची गाडी १८६५ मध्ये इगतपुरीला पोहोचली. अशी ही लांब पल्ल्याची वाट. तिच्या कडेला जी गावं होती त्यांनी पुढच्या दीडशे वर्षांत एकेक थांबा, एकेक प्लॅटफॉर्म, एकेक जादा रूळ मागून, भांडून, कधी रुळांवर बसून मिळवला. या मार्गाचा खरा इतिहास हाच आहे आणि तो अजून चालू आहे.

ठाणे स्थानकात आज दहा प्लॅटफॉर्म आहेत. नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्ग सुरू झाला आणि कल्याण-डोंबिवलीचा माणूस कुर्ल्याचा वळसा न घालता नवी मुंबईला जाऊ लागला. त्याची किंमत ठाण्याच्या पुलांनी मोजली. सकाळी कल्याणकडून आलेली लोकल रिकामी झाली की त्यातले शेकडो लोक जिना चढून पलीकडे दहा नंबरकडे धावतात आणि तिकडून येणारे त्यांच्या समोरून. हा ताण कमी करण्यासाठी कळव्याहून ऐरोलीकडे थेट उन्नत मार्ग न्यायचं ठरलं. त्यातलं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झालं, पण कळव्याशी जोडणाऱ्या मार्गाचं घोडं वाटेतल्या वस्तीच्या पुनर्वसनावर अडलं. ते काम सुटेपर्यंत कल्याणकराला वाशीसाठी ठाण्याचा जिना चुकत नाही.

ठाण्याच्या पश्चिमेला, घोडबंदर रस्त्याच्या बाजूला, गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे नवं ठाणं उभं राहिलं ते रेल्वेपासून दूर पडलं. तिथल्या लोकांसाठी २९ किलोमीटरची आणि २२ स्थानकांची वर्तुळाकार मेट्रो केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केली. शहराच्या आतल्या आत फिरवणारी ही ठाण्यातली पहिलीच रेल्वे असेल.

खाडीचा पूल ओलांडला की कळवा. इथली कारशेड हे मध्य रेल्वेच्या लोकलगाड्यांचं मोठं घर. कळवेकरांना कल्याण-डोंबिवलीहून भरून आलेल्या गाडीत शिरता येत नाही, म्हणून अनेक जण रुळांच्या कडेनं चालत थेट कारशेडपाशी जातात आणि तिथून सुटणाऱ्या लोकलमध्ये चढतात. ऑगस्ट २०२२ मध्ये अशाच एका साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आली, तेव्हा प्रवाशांनी तिच्यासमोर उभं राहून ती रोखून धरली. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटला असेल. पण रोजच्या पासावर कामाला जाणाऱ्या माणसाची हक्काची गाडी परवडेनाशी झाली तर त्यानं जायचं कशानं, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

कळव्यानंतर पारसिकचा डोंगर आडवा येतो. मूळ रेल्वेनं त्याला खाडीच्या बाजूनं वळसा घातला. वाढत्या वाहतुकीला हा वळसा पुरेना, तेव्हा डोंगराच्या पोटातून सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा खोदला गेला आणि १९१६ मध्ये तो वापरात आला. तेव्हापासून प्रवाशांचे दोन पंथ पडले : स्लोवाले मुंब्र्याच्या खाडीकाठानं जाणारे, फास्टवाले पारसिकमधून. बोगद्यात गाडी शिरली की डब्यातले दिवे एकदम डोळ्यांत भरत. चाकांचा खडखडाट भिंतींवर आपटून दुप्पट होई, दारातल्या माणसांचे शर्ट फडफडत, बोलणारे मधेच थांबत आणि नव्यानं प्रवास करणारं एखादं पोर हमखास ओरडे. दोन मिनिटांत उजेड येई आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढे सुरू होई. दिवा आलं हे न बघता कळायचं, ते या उजेडानं.

२०२२ च्या सुरुवातीला हे चित्र बदललं. ठाणे ते दिवा पाचवा आणि सहावा मार्ग सुरू झाला आणि १८ फेब्रुवारी २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. सुमारे ६२० कोटी रुपयांचं हे काम २००८ मध्ये मंजूर झालं होतं. त्यात १.४ किलोमीटरचा रेल्वे उड्डाणपूल, तीन मोठे आणि २१ लहान पूल बांधावे लागले. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधे वस्ती आणि चालू गाड्या. रविवारच्या मेगाब्लॉकांनी भागेना, तेव्हा शेवटच्या जोडणीसाठी ७२ तासांचा ब्लॉक घेतला गेला. जलद लोकल आता मुंब्र्याच्या बाजूनं धावतात आणि पारसिकचा जुना बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वाट्याला गेला. लोकल आणि मेल यांची वाट वेगळी करण्याचा हा प्रयत्न मार्ग सुरू झाल्यानंतर तब्बल १६८ वर्षांनी इथवर आला.

मुंबईच्या बाहेरच्या जगात उलटा प्रयोगही झालेला आहे. जर्मनीतल्या कार्ल्सरुहे शहरानं १९९२ मध्ये शहरातली ट्राम सरळ मोठ्या रेल्वेच्या रुळांवर चढवली. आसपासच्या गावातला माणूस गाडी न बदलता थेट बाजारपेठेतल्या रस्त्यावर उतरू लागला. ती पद्धत नंतर युरोपात अनेकांनी उचलली. तिकडे रूळ वाटून घेतल्यानं गावं शहराला जोडली गेली. इकडे त्याच वाटून घेण्यात डोंबिवलीच्या लोकलनं सिग्नलला उभं राहायचं आणि मेलनं पुढे जायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. फरक गाड्यांच्या संख्येचा आहे, माणसांच्या संख्येचाही.

मुंब्रा स्थानकावर उतरून वर पाहिलं की डोंगराच्या कड्यात मुंब्रादेवीचं देऊळ दिसतं. नवरात्रात पायऱ्यांवर चढणाऱ्यांची रांग खालून गाडीतूनही ओळखू येते. खाडीच्या अंगाला रेतीबंदर. इथल्या रेतीवर मुंबई-ठाण्याच्या किती इमारती उभ्या राहिल्या याला गणती नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबं सुरक्षित घराच्या शोधात मुंब्रा-कौसा भागात आली आणि छोट्या गावाचं दाट शहर झालं. गाड्या मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत.

याच मुंब्र्याजवळच्या वळणावर ९ जून २०२५ च्या सकाळी दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. त्यानंतर रेल्वेनं साध्या लोकलनाही आपोआप मिटणारे दरवाजे बसवण्याची घोषणा केली. दरवाजे हवेतच. पण मिटलेल्या दारांच्या साध्या डब्यात हवा खेळती कशी ठेवायची आणि आज दारात लटकणाऱ्यांना आत जागा कुठून आणायची, ही कोडी सुटल्याशिवाय नुसत्या दारांनी काम भागणार नाही. दारात कुणी हौसेनं उभं राहत नाही. आत पाय ठेवायला जागा नसते आणि ही लोकल सोडली तर लेट मार्क ठरलेला असतो.

पुढचं दिवा म्हणजे मागण्या करून जागा मिळवण्याची ठळक गोष्ट. इथून एक मार्ग पनवेलकडे जातो, दुसरा वसईकडे, आणि सावंतवाडीची पॅसेंजर याच स्थानकावरून सुटत असल्यानं कोकणातल्या चाकरमान्यांचा दिव्याशी घरोबा. जंक्शन असूनही जलद लोकल इथे थांबत नव्हत्या. स्वस्त घरांच्या आशेनं आलेली वस्ती फुगत गेली आणि प्लॅटफॉर्मवर उभं राहून समोरून धडधडत जाणाऱ्या फास्ट बघणं एवढंच दिवावासीयांच्या हाती उरलं. २ जानेवारी २०१५ ला गाड्यांच्या खोळंब्यानं संतापलेल्या प्रवाशांनी इथे रेल रोको केला, दगडफेक झाली, मध्य रेल्वे कित्येक तास ठप्प झाली. डिसेंबर २०१६ मध्ये अखेर जलद लोकलना दिव्याला थांबा मिळाला.

दिव्याचं फाटक ही आणखी एक व्यथा. पूर्व-पश्चिम जाणारी वाहनं रूळ ओलांडत असेपर्यंत फाटक उघडं आणि फाटक उघडं असेपर्यंत लोकल सिग्नलला उभी. एखाद्या रिक्षावाल्यानं घाई केली, मागचा टेम्पो मधेच अडकला, की गेटमनची शिट्टी, हॉर्न आणि उभ्या लोकलमधून डोकावणारी डोकी असा सगळा गोंधळ. इथली दोनचार मिनिटं पुढे ठाण्यात आणि दादरला दहा होऊन निघतात.

कोपर तसं लहान स्थानक, पण दोन मजल्यांचं. खालून कल्याणची लोकल जाते, वरच्या पुलावरून दिवा-वसई मार्ग. डोंबिवलीहून वसई-विरारकडे कामाला जाणाऱ्याला दादर टाळायचं असेल तर इथे खालून वर चढायचं आणि वसईची मेमू पकडायची. तिच्या फेऱ्या इतक्या मोजक्या की एक चुकली तर दादरच जवळ वाटू लागतं.

आणि मग डोंबिवली. मुंबईच्या नोकरीवर आणि लोकलच्या वेळापत्रकावर उभं राहिलेलं मराठी मध्यमवर्गाचं गाव. गिरगाव-दादरच्या चाळीत जागा पुरेना तेव्हा लोकांनी इथे ब्लॉक घेतले. सोबत ग्रंथालयं, व्याख्यानमाला आणि गाण्याच्या मैफली आणल्या. गुढीपाडव्याची शोभायात्रा आज महाराष्ट्रभर निघते, तिची सुरुवात नव्वदच्या दशकाच्या अखेरीला इथल्या गणेश मंदिर संस्थाननं केली. फडके रोडवरची दिवाळी पहाट पाहायला नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला गेलेली मुलंही परततात. लेखक पु. भा. भावे इथलेच रहिवासी. २०१७ मध्ये नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं. लोकलच्या नावानं २००५ मध्ये ‘डोंबिवली फास्ट’ हा चित्रपट निघाला, तोही उगाच नाही.

सकाळी सव्वाआठचा प्लॅटफॉर्म बघावा. सॅक पाठीवरून छातीवर आलेली, मोबाइल खिशात, उजवा हात मोकळा. इंडिकेटरवर १५ डबा की १२ डबा हे बघून माणसं चार पावलं सरकतात, कारण दार नेमकं कुठे येणार हे त्यांना ठाऊक असतं. १५ डब्यांची लोकल मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये आली. गाडी पुरती थांबायच्या आत पहिले तिघे-चौघे आत असतात, बाकीचे ढकलले जातात. बसायला मिळावं म्हणून कित्येक जण आधी उलट दिशेनं कल्याण गाठतात आणि त्याच गाडीतून परत येतात. याला इथे ‘रिटर्न’ म्हणतात आणि कल्याणला चढणाऱ्यांशी त्यावरून रोज वाद होतात. त्याच डब्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूची तोरणं लागतात, देवीच्या फोटोला हार पडतो, मोटरमनला पेढा मिळतो. रोज तीन तास एकमेकांच्या खांद्याला खांदा लावणाऱ्या माणसांचं हे नातं सोसायटीतल्या शेजाऱ्यापेक्षा घट्ट असतं. एकानं चार दिवस दांडी मारली तर ग्रुपमधून घरी फोन जातो.

ठाकुर्ली डोंबिवलीला इतकी चिकटून आहे की नवख्याला वेगळी वाटतही नाही. रेल्वेसाठी मात्र तिचं महत्त्व मोठं होतं. शेजारच्या चोळे गावामुळे चोळा पॉवर हाऊस म्हणून ओळखलं गेलेलं रेल्वेचं स्वतःचं वीजकेंद्र इथे १९२९ च्या सुमारास उभं राहिलं. कोळसा रुळांवरून यायचा, पाणी उल्हास नदीचं. बोर आणि थळ घाटांत विजेची इंजिनं धावू लागली तो हाच काळ, आणि त्यांना लागणारी वीज इथे तयार होई. १९८० च्या दशकात हे केंद्र बंद पडलं. पुढे १५०० व्होल्ट डीसीची जागा २५ हजार व्होल्ट एसीनं घेतली आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं ते परिवर्तन २०१५ मध्ये पूर्ण झालं.

कल्याण रेल्वेपेक्षा कितीतरी जुनं. कान्हेरीच्या लेण्यांमधल्या दानलेखांत इथल्या व्यापाऱ्यांचा उल्लेख आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतलं आणि खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी आरमाराची पायाभरणी झाली. रेल्वे आल्यावर दहा वर्षांत, १८६४ मध्ये, गावात सार्वजनिक वाचनालय निघालं, ते आजही चालू आहे. पोस्टात कारकून असलेल्या गोपाळराव जोशींची बायको आनंदी याच गावची लेक. तिनं १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळवली.

इथून कसारा आणि कर्जतच्या वाटा वेगळ्या होतात. देशभरातल्या गाड्या आणि लोकल एकाच यार्डातून जात असल्यानं एकीनं दुसरीची वाट अडवणं रोजचं. त्यासाठी सुमारे आठशे कोटींचं यार्ड पुनर्रचनेचं काम हाती घेतलं आहे. लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचे रूळ, प्लॅटफॉर्म वेगळे करण्याची त्यात योजना आहे. शिवाय भिवंडीमार्गे ठाण्याहून कल्याणला येणारी मेट्रो ५, जिचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, तीही इथेच यायची आहे. ती आली की ठाणे-कल्याण अंतर मुंब्रा-दिव्याकडून न जाता पहिल्यांदा रेल्वेनं कापता येईल आणि यंत्रमागांच्या भिवंडीला मेट्रो मिळेल. वसई मार्गावरच्या भिवंडी रोड स्थानकावर थांबणाऱ्या मोजक्या गाड्यांवरच तिथल्या कामगारांची आजवर बोळवण होत आली आहे.