रघुनाथ विनायक धुळेकर : झाशीचा स्पष्टवक्ता

रघुनाथ विनायक धुळेकर (१८९१–१९८०) हे झाशीचे वकील, स्वातंत्र्यसैनिक, संविधान सभेचे सदस्य आणि पुढे उत्तर प्रदेश विधान परिषदेचे सभापती. घराणे मराठी, पण हिंदीची बाजू संविधान सभेत त्यांच्याइतक्या तिखटपणे फार थोड्यांनी मांडली.

झाशीतल्या मराठी वस्तीची मुळे पेशवाईत आहेत. छत्रसालाकडून बुंदेलखंडाचा वाटा बाजीरावाला मिळाला. १७४२ च्या सुमारास नारो शंकरांनी किल्ल्याभोवती शहर वसवले आणि नंतर सुभेदारी नेवाळकरांकडे आली. १८५८ नंतर सत्ता गेली, तरी मराठी कुटुंबे तिथेच राहिली. घरात मराठी आणि बाजारात बुंदेली बोलणाऱ्या या समाजातून पुढे काँग्रेसचे नेते आले. धुळेकरांप्रमाणेच गुरसरायच्या खेर घराण्यातले आत्माराम गोविंद खेर हे त्यांपैकी ठळक नाव.

अलाहाबादहून कायद्याची पदवी घेऊन धुळेकरांनी झाशीत वकिली सुरू केली. असहकाराच्या काळात ते चळवळीत उतरले, हिंदी वृत्तपत्रे चालवली, तुरुंगवास भोगला. १९३७ मध्ये ते प्रांतिक विधानसभेवर निवडून गेले आणि १९४६ मध्ये संविधान सभेत पोहोचले.

१० डिसेंबर १९४६ हा सभेचा दुसराच दिवस. कार्यपद्धतीचे नियम करणाऱ्या समितीवर चर्चा चालू असताना धुळेकर हिंदुस्थानीत बोलू लागले. इंग्रजी येत नाही का, असे हंगामी अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा यांनी विचारले. येते, पण बोलायचे हिंदुस्थानीतच, असे उत्तर आले. राजगोपालाचारींसारख्या सदस्यांना ही भाषा कळत नाही, हे अध्यक्षांनी लक्षात आणून दिले. त्यावर धुळेकरांनी सांगून टाकले की, हिंदुस्थानी न जाणणाऱ्यांना भारतात राहण्याचा हक्क नाही आणि अशांनी सभा सोडावी. समितीने नियम इंग्रजीत नव्हे, हिंदुस्थानीत करावेत, ही त्यांची दुरुस्ती होती. सभेत गदारोळ झाला, अध्यक्षांनी त्यांना पुढे बोलू दिले नाही. नेहरूंनी त्यांना जागेवर बसवले आणि ही झाशीतली जाहीर सभा नव्हे, अशी समज दिली.

फाळणीनंतर हिंदुस्थानीची जागा हिंदीने घेतली. सप्टेंबर १९४९ च्या भाषाविषयक चर्चेत धुळेकर हिंदीसाठी तितक्याच आवेशाने उभे राहिले. स्वराज्य मिळूनही विद्यापीठांचे आणि विज्ञानाचे काम इंग्रजीतच चालावे, ही कल्पना त्यांना असह्य होती. मेकॉलेचे भूत आपल्याला हसेल, असे ते म्हणाले. १४ सप्टेंबरला तडजोड मान्य झाली : देवनागरी लिपीतील हिंदी संघराज्याची राजभाषा आणि इंग्रजीचा वापर आणखी १५ वर्षे.

परकीय भाषेखाली दबलेल्या माणसाची चीड या आग्रहामागे होती, आणि ती रास्त होती. मात्र भाषेच्या ज्ञानावर नागरिकत्वाचा हक्क ठरवणे अन्यायाचे होते आणि ते हिंदीला महाग पडले. नोव्हेंबर १९४८ मध्ये मद्रासचे टी. टी. कृष्णमाचारी यांनी भाषिक साम्राज्यवादाविरुद्ध इशारा दिला. अखंड भारत हवा की हिंदी भारत, हे संयुक्त प्रांतातल्या मित्रांनी ठरवावे, असे त्यांनी बजावले. १९६३ च्या राजभाषा कायद्याने इंग्रजीला मुदतीनंतरही वाट मोकळी ठेवली. तरीही १९६५ मध्ये मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन पेटले. जी मने समजावून जिंकायची होती, ती दरडावण्याने दुरावली.

धुळेकर १९५२ मध्ये झाशी जिल्ह्यातून पहिल्या लोकसभेवर गेले. १९५८ ते १९६४ या काळात ते विधान परिषदेचे सभापती होते. एकेकाळी ज्यांना गप्प बसवावे लागले, त्यांच्याच हाती सभागृहाची शिस्त आली. १९५२ ते १९६२ विधानसभेचे अध्यक्षपद खेरांकडे होते. म्हणजे जवळपास चार वर्षे लखनौतल्या दोन्ही सभागृहांच्या आसनांवर झाशी जिल्ह्यातली मराठी माणसे बसली होती. उत्तरायुष्यात धुळेकर वेदान्ताकडे वळले आणि त्यावर त्यांनी ग्रंथलेखन केले. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.