कोल्ह्याचा संसार

तिन्हीसांजेला ओढ्याकाठी कोल्हेकुई सुरू झाली, की आपण कोंबड्या कोंडतो. आमच्या बेळगाव-खानापूर भागातील उसाच्या गावांना हा आवाज रोजचाच. नर-मादी हाक देतात, आणि त्यांच्याच घरची पिल्ले तिला साद देतात. परक्या कोल्ह्यांना ‘ही हद्द आमची’ असा इशाराही त्यात असतो.

कोल्हा एकटा दिसतो म्हणून तो भटका समजू नये. जमलेली जोडी बहुधा जन्मभर टिकते. मादी सुमारे ६३ दिवसांनी बिळात किंवा बांधाच्या भगदाडात विते. पिल्लांचे डोळे दहा-एक दिवसांनी उघडतात. तोवर नर बाहेर खाऊन येतो आणि बिळाच्या तोंडाशी ओकून घरच्यांना वाढतो. ऐकून किळस येईल, पण पोटातले अन्न वाटेत कोणी हिसकावीत नाही! मागच्या विणीतले एखादे मोठे पिल्लू घरीच राहून धाकट्यांची राखण करते. माणसांच्या घरातही हे सगळीकडे आढळत नाही.

उंदीर, घुशी, किडे, मढी, बोरे, जांभळे हे त्याचे खाणे. मका, कलिंगड आणि कोंबडीही तो सोडत नाही, हे आम्ही नाकारीत नाही. म्हणून काही जण मढ्यात विष घालतात. आमच्या मते हा उपाय घातक आहे. नर-मादीपैकी एक मेले, की बिळातली पिल्ले उपाशी पडतात. शिवाय आपलाच कुत्रा तेच मढे खातो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे, हेही ध्यानात असावे. त्यापेक्षा खुराड्याची जाळी वीतभर जमिनीत पुरावी, रात्री दार लावावे, मेलेले जनावर खोल पुरावे. ऊसतोडीत पिल्ले सापडली तर हात लावू नये. माणसे दूर झाली की आई त्यांना उचलून नेते.

मात्र भरदिवसा गावात शिरून अंगावर धावणारा कोल्हा पिसाळलेला समजावा. तो चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. जखम खोल असल्यास लशीबरोबर जखमेत द्यायचे वेगळे इंजेक्शनही लागते, ते डॉक्टरांना विचारावे. पुढच्या सुया ठरल्या तारखांना घ्याव्यात, जखम बरी दिसली तरी.