दुधाचे दांत आणि त्यांची निगा

“दुधाचेच दांत ते, आज ना उद्यां पडायचेच. त्यांची एवढी काळजी कशाला?” हा प्रश्न सुशिक्षित घरांतूनहि ऐकूं येतो. परंतु ज्या घरीं चार वर्षांचें मूल दाढेच्या ठणक्यानें रात्रभर कळवळलें आहे, त्या घरीं तो पुन्हां कोणी विचारीत नाहीं.

दुधाचे दांत एकंदर २०. पहिला दांत बहुधा सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसतो आणि तिसऱ्या वर्षापर्यंत सर्व दांत पुरे होतात. समोरचे दांत सहाव्या-सातव्या वर्षीं पडूं लागतात हें खरें. परंतु दुधाच्या दाढांना दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत काम करावयाचें असतें. त्या किडून अकालीं काढाव्या लागल्या, तर शेजारचे दांत मोकळ्या जागेकडे कलतात आणि मागाहून येणाऱ्या कायमच्या दांतांना पुरेशी वाट उरत नाहीं. मग ते वेडेवांकडे येतात.

‘कीड’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी दांतांत किडा नसतो. विलोबी मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञानें बर्लिन येथें संशोधन करून १८९० मध्यें या रोगाची जी उपपत्ति मांडली, तिचा गाभा आजहि मान्य आहे. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखरेपासून आम्ल तयार करतात आणि तें आम्ल दांताच्या कठीण कवचांतील क्षार विरघळवितें. एकदां गोड खाल्लें, कीं सुमारें अर्धा तास हें झिजविण्याचें काम चालतें. त्यानंतर लाळ आम्लाचा जोर मोडते आणि गेलेले क्षार हळूहळू परत देते. म्हणून साखर किती खाल्ली, याइतकेंच ती किती वेळां खाल्ली, यालाहि महत्त्व आहे. जेवणाबरोबर खाल्लेला एक लाडू दांतांना फारसा जड जात नाहीं. पण गोळ्या, बिस्किटें आणि सरबत यांचा दिवसभर चाललेला रतीब लाळेला उसंतच मिळूं देत नाहीं.

याहूनहि घातक म्हणजे रात्रीची बाटली. झोपेंत लाळ फार कमी सुटते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडांत ठेवून मूल झोपीं गेलें, तर तें दूध वरच्या पुढच्या दांतांभोवतीं तासन् तास सांचून राहतें. खालचे पुढचे दांत जिभेच्या आड असल्यानें बचावतात. वरचे चार मात्र आधीं बळी पडतात. यास्तव बाटली निजण्यापूर्वींच संपवावी आणि वर्ष उलटल्यावर मुलाला पेल्यानें पिण्याची संवय लावावी. या भीतीनें आईचें दूध मात्र तोडूं नये.

पहिला दांत दिसतांच तो मऊ ब्रशानें दिवसांतून दोनदां घासावा. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढें सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. फ्लोराइड दांताचें कवच बळकट करतें. चंद्रपूर, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांत कांहीं विहिरींच्या पाण्यांतच तें अधिक असतें. तेथें दंतवैद्याचा सल्ला आधीं घ्यावा. राखुंडी किंवा कोळशाची पूड यांनीं दांत खरवडले जातात. ती वापरूं नये. रात्रीं घासल्यावर पाण्यावांचून कांहींहि देऊं नये. मुलाचा हात सात-आठ वर्षांपर्यंत नीट वळत नाहीं. तोंवर घासण्याचें काम वडील माणसांनींच करावें.

महिन्यांतून एकदां मुलाचा वरचा ओठ उचलून उजेडांत पाहावें. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती रोगाची पहिली खूण समजावी. या पायरीवर योग्य उपायांनीं झीज भरून येऊं शकते. तपकिरी खळगा पडल्यावर ती आपोआप भरत नाहीं. पहिल्या वाढदिवसापर्यंत मूल एकदां दंतवैद्यास दाखवावें, तें याचसाठीं.

आणखी एक सावधगिरी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागें, कोणताहि दांत न पडतां, एक नवी दाढ निमूटपणें येते. अनेक आईबाप तिला दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ती कायमची असते. ती गेली, तर तिच्या जागीं दुसरी येत नाहीं. दुधाच्या दांतांची निगा ज्या घरीं नित्याची असते, त्या घरीं ही दाढ आपसुक सांभाळली जाते.