शेजाऱ्याचा कोट उठण्याआधी

दर भाऊबीजेला मी धुळ्याहून जळगावला बहिणीकडे जातो. पारोळा, एरंडोल मागे टाकत दुपारच्या आत पोहोचायचे, ओवाळून घ्यायचे, जेवायचे आणि संध्याकाळी परत फिरायचे, असा वर्षानुवर्षांचा क्रम. काही वर्षांपूर्वी जेवणानंतर भाच्याने मला संगणकासमोर बसवले. "मामा, तुम्ही कॉलेजात इतिहास शिकवता ना? मग इथे घडवून बघा," म्हणाला. त्या दिवशी माझी परतीची बस चुकली आणि माझे राज्यही बुडाले.

खेळ होता 'सिव्हिलायझेशन'. सुरुवात ख्रिस्तपूर्व ४००० मध्ये. हाताशी एक वसाहत करणारी टोळी आणि एक योद्धा. मी नदीकाठ पाहून गाव वसवले, शेते पिकवली, देवस्थान उभारले, एक भव्य वास्तू बांधायला घेतली. साठाव्या चालीच्या सुमारास शेजारच्या राजाचे धनुर्धर सीमेवर दिसले आणि दहा चालींत राजधानी गेली. मी चिडून म्हटले, "मी याचे काय वाकडे केले होते?" भाचा शांतपणे म्हणाला, "काही नाही. तुम्ही त्याला मोठं होऊ दिलं, आणि स्वतः कोट बांधला नाही."

हे वाक्य डोक्यातून जाईना. तीस वर्षे मी ज्या प्रदेशाचा इतिहास शिकवतो आहे, त्या खानदेशाबद्दलच तो बोलत आहे असे मला वाटले. म्हणून मी तो खेळ शिकलो. त्यातील एका डावपेचाची, म्हणजे आरंभीच केलेल्या चढाईची उकल इथे करतो. खेळाडू त्याला 'रश' म्हणतात.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांनी बुद्धिबळ डोळ्यांपुढे आणावे. एकाने चाल करायची, मग दुसऱ्याने. घड्याळाची घाई नाही. फरक असा की बुद्धिबळात दोघांची सोळा-सोळा मोहरी पटावर आधीच मांडलेली असतात. इथे पट जवळजवळ रिकामा असतो, बराचसा अंधारात असतो आणि मोहरी आपणच घडवायची असतात. सिड मायर यांचा पहिला 'सिव्हिलायझेशन' १९९१ मध्ये आला. पुढे १९९३ मध्ये अ‍ॅलन एमरिच या समीक्षकाने 'मास्टर ऑफ ओरायन' या अंतराळातील खेळाबद्दल लिहिताना या जातीच्या खेळांना 'फोर-एक्स' असे नाव दिले. शोध, विस्तार, दोहन आणि संहार अशा चार क्रिया त्यात येतात. या चारांचा क्रम ठरलेला आहे असे नवख्याला वाटते: आधी शोधावे, मग पसरावे, मग पिकवावे आणि शेवटी लढावे. रश करणारा चौथी क्रिया उचलून दुसऱ्या जागी आणतो.

हे फायद्याचे का ठरते? हिशेब मांडून पाहू. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत नवे गाव वसवणाऱ्या टोळीची किंमत ८० उत्पादन-एकके असते. योद्धा ४० ला, गोफणवाला ३५ ला आणि धनुर्धर ६० ला पडतो. दोन योद्धे आणि तीन धनुर्धर मिळून २६० होतात. राजधानीचे उत्पादन दर चालीला ५ धरले तर ही ५२ चालींची कमाई झाली. गाव वाढते म्हणून प्रत्यक्षात काही कमी. तेवढ्याच किमतीत साधारण तीन नवी गावे वसली असती. वरवर पाहता लढाई तोट्याची दिसते.

पण तीन गोष्टी या हिशेबात अजून आलेल्या नाहीत. पहिली, प्रत्येक नवी टोळी आधीच्यापेक्षा महाग होत जाते आणि चांगली जमीन संपत जाते. दुसरी, नवे गाव एका वस्तीपासून सुरू होते. जिंकलेले गाव मात्र वाढलेल्या लोकसंख्येसह, नांगरलेल्या शेतांसह मिळते. शेजाऱ्याने चाळीस चाली घातलेले कष्ट एका दिवसात आपले होतात. तिसरी सर्वांत महत्त्वाची: गावे व्याजाने वाढतात. दहाव्या चालीतले एक जादा शेत शंभराव्या चालीपर्यंत अख्ख्या गावाएवढे झालेले असते. म्हणून विसाव्या चालीत शेजाऱ्याकडून घेतलेले एक गाव दोनशेव्या चालीतल्या पाच गावांना भारी पडते. सावकारी जवळून पाहिलेल्या खानदेशातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावायला नको.

मग सगळेच असे का करत नाहीत? कारण ही खिडकी अरुंद असते. कोट नसलेले गाव हल्लेखोरावर बाण सोडू शकत नाही. पण शेजाऱ्याला दगडी बांधकामाची विद्या आली आणि त्याने ८० एकके खर्चून तट उभारला की डाव उलटतो. तटावरून मारा सुरू होतो, आपले बाण दगडावर बोथट ठरतात, तलवारीचे तर काही चालतच नाही. तट फोडायची यंत्रे आणावी लागतात. तोवर आपण ना गावे वसवलेली असतात, ना विद्या शिकलेली. पाच तुकड्या शेजाऱ्याच्या वेशीबाहेर पगार खात बसतात आणि दूरचा तिसरा राजा निवांत पुढे निघून जातो. २००५ च्या चौथ्या आवृत्तीत तर जिंकण्यातही धोका होता. राजधानीपासून दूरच्या प्रत्येक गावाचा देखभाल-खर्च इतका चढत असे की चार शहरे जिंकणारा राजा खजिना रिकामा होऊन बसे.

म्हणून जाणते खेळाडू गोफणवाल्यांपासून आरंभ करतात. आपल्याकडे बाजरीच्या शेतात माळ्यावर उभे राहून पाखरे हाकणाऱ्याच्या हातात असते तीच गोफण. गोफणवाला स्वस्त पडतो. त्याने एखादा शत्रू टिपला की धनुर्विद्येचे ज्ञान लवकर मिळते. मग साठवलेले सोने देऊन सगळे गोफणवाले एका चालीत धनुर्धर करून घ्यायचे. शेजाऱ्याला हालचाल कळेपर्यंत फौज त्याच्या शिवारात पोहोचलेली असते.

हे सगळे शिकल्यावर मी पुन्हा खानदेशाच्या इतिहासाकडे वळलो. ओळखीच्या घटना निराळ्या दिसू लागल्या.

खानदेशातली फारुकी सत्ता सुरू झाली ती आजच्या शिरपूर तालुक्यातील तापीकाठच्या थाळनेरला. मलिक राजाला फिरोजशहा तुघलकाकडून १३७० मध्ये हा मुलूख मिळाला. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला माळवा, दक्षिणेला बहमनी. थोरल्या शेजाऱ्यांत अडकलेले हे लहान राज्य. मलिक राजा १३९९ मध्ये वारला आणि त्याचा मुलगा नसीरखान याने पहिली मोठी चाल केली ती असीरगडावर. तो गड आसा अहिराच्या ताब्यात होता. फरिश्ता सांगतो, की नसीरखानाने शत्रूच्या भीतीचे निमित्त करून आपल्या बायकामुलांना गडावर आसरा मागितला आणि पडदे लावलेल्या डोल्यांतून हत्यारबंद माणसे आत पाठवली. गोष्टीत रंग किती भरला असेल तो असो. गड गेला हे खरे. त्यानंतर तापीकाठी बुऱ्हाणपूर वसले आणि थाळनेरचे लहान राज्य दोनशे वर्षे टिकले. त्याच्या हाती लागला तो दुसऱ्याने बांधलेला तयार कोट, खेळातल्या जिंकलेल्या गावासारखा.

त्याच कोटाने पुढे दुसरी बाजूही दाखवली. अकबराची फौज १६०० मध्ये असीरगडाखाली आली, तेव्हा साऱ्या हिंदुस्थानातले बळ हाताशी असूनही महिनोन् महिने वेढा घालून बसावे लागले. बहादूरखान फारुकीचा गड पडला तो जानेवारी १६०१ मध्ये. सुभ्याचे नाव काही काळ शहाजादा दानियालवरून 'दानदेश' झाले. तट उभा राहिल्यावर चढाई किती महाग पडते याचे दुसरे उदाहरण शोधायला नको.

मात्र मला सर्वांत अधिक शिकवले ते १६७० च्या डिसेंबरने. ऑक्टोबरात सुरतेची दुसरी लूट आणि वणी-दिंडोरीची लढाई झाली होती. पाठोपाठ प्रतापराव गुजरांच्या फौजा खानदेशात शिरल्या आणि पुढे वऱ्हाडात कारंज्यापर्यंत गेल्या. मराठ्यांचे राज्य तेव्हा लहान होते, राज्याभिषेक अजून चार वर्षे दूर होता. समोर मुघल सुभा होता, आणि बुऱ्हाणपूर घेऊन ते राखणे शक्य नव्हते. ग्रँट डफने नोंदवले आहे, की वाटेतल्या गावांच्या पाटील-कुळकर्ण्यांकडून वसुलाचा चौथा हिस्सा दरसाल देण्याचे लेखी करार घेतले गेले. पैसे भरल्यावर पावती मिळायची आणि पावती असलेल्या गावाला लुटीपासून अभय. थेट मुघली अमलाखालच्या प्रांतावर बसवलेली ही पहिली चौथाई, असे तो म्हणतो.

खेळाच्या भाषेत सांगायचे तर इथे एकही गाव जिंकलेले नाही. देखभाल-खर्च मुघलांचा, तटाची डागडुजी मुघलांची, उत्पन्नाचा वाटा मात्र आपला. शेजाऱ्याची वाढ खुंटते, आपली होते. तट फोडण्याच्या फंदात न पडता शिवारावर हात ठेवायचा. १६८१ च्या आरंभी हंबीरराव मोहिते बुऱ्हाणपूरच्या बहादूरपुऱ्यावर आले तेव्हाही हेच झाले: तटाबाहेरची श्रीमंत पेठ तीन दिवस लुटली गेली, तटाआतले शहर तसेच राहिले. आणि १६७० च्या त्या कागदांवर व्याज कसे चढले पाहा. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, त्या दख्खनच्या सहा सुभ्यांच्या होत्या आणि खानदेश त्यांतला एक. गावपाटलाने भीतीपोटी केलेली सही ४९ वर्षांनी बादशाही हक्क झाली.

'एम्पायर: टोटल वॉर' या २००९ च्या खेळात मराठ्यांचे राज्य खेळाडूला घेता येते. नकाशावरच्या चाली पाळीपाळीने, वर्षाला दोन, आरंभ १७००. भाच्याने तो खेळून दाखवला. मुघल सावरण्याआधी त्यांची शहरे एकापाठोपाठ एक घ्यायची, असा त्याचा बेत होता आणि तो सफल झाला. मी म्हटले, "खऱ्या मराठ्यांनी असे केले नाही." तो म्हणाला, "मामा, पण चौथाईचं बटणच नाही यात."

बटण नाही, हे त्याचे म्हणणे मला फार महत्त्वाचे वाटते. 'सिव्हिलायझेशन'मध्ये शेजाऱ्याचे शेत लुटायची सोय आहे. शेत लुटले की लुटणारी जखमी तुकडी ताजीतवानी होते. मग शेताचा मालक एक कामकरी पाठवतो आणि एका चालीत शेत पूर्ववत होते. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी थबकलो. धरणगावला इंग्रजांनी १६७४ मध्ये वखार घातली. पुढच्याच वर्षी ती लुटली गेली, आणि १६७९ मध्ये धरणगाव-चोपडा पुन्हा लुटले गेले. मुघलांचा सारा माफ झालेला नव्हता. चौथाई त्यावर चढली. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने हा मुलूख तुडवला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा कॅप्टन ब्रिग्जच्या वाट्याला उजाड गावांचा खानदेश आला. इथले शेत एका चालीत दुरुस्त झाले नाही.

मी मराठ्यांच्या पराक्रमावर वाढलो आणि तोच शिकवत आलो. त्यात मला आजही उणे दिसत नाही. लहान राज्याला बलाढ्य शेजाऱ्यापुढे उभे राहायचे तर दुसरा मार्ग नव्हता, हे खेळाच्या हिशेबानेही पटते. पण मी राहतो खानदेशात. या पटावर आमचे पूर्वज स्वार कमी आणि शिवार जास्त होते. एकदा वर्गात एका मुलीने विचारले होते, "सर, स्वराज्याची फौज आली तेव्हा आपण कोणाच्या बाजूला होतो?" तेव्हा मी तिला सुरतेपासून साल्हेरपर्यंतची मोहीम सांगितली. प्रश्नाला उत्तर दिले नाही. आज दिले असते: आपण पावती जपून ठेवणाऱ्यांच्या बाजूला होतो. मुघलांचा अंमलदार आला की एक कागद दाखवायचा, मराठ्यांचा स्वार आला की दुसरा, आणि मधल्या दिवसांत पेरायचे.

गेल्या भाऊबीजेला भाच्याने पुन्हा डाव मांडला. मी गोफणवाले केले, वेळेवर धनुर्धर केले, शेजाऱ्याचा कोट उठण्याआधी त्याच्या वेशीवर पोहोचलो आणि पहिल्यांदा जिंकलो. वाटेत एक पिकलेले शेत होते. एक तुकडी जखमी होती, लुटले असते तर बरी झाली असती. भाचा म्हणाला, "लुटा ना मामा, फुकट आहे." मी तुकडी शेताला वळसा घालून नेली. त्यात दोन चाली गेल्या आणि ती तुकडी पुढे मेली. भाच्याने कपाळाला हात लावला. आतून बहिणीने जेवायला हाक मारली, आणि या खेपेला परतीची बस मी चुकवली नाही.