रिकिबीत पाय (भाग ११) : उठबस कुठल्या पायावर?

दौडीचं आज लिहिणार होतो. ते नंतर. गेल्या भागातली दुडकीवर खोगिरात करायची उठबस वाचून पेणच्या एका ताईंनी पत्र पाठवलंय आणि ते मला स्वस्थ बसू देत नाही. त्या लिहितात, ‘डायगोनल बरोबर आहे ना, हे बघायला मी दर खेपेला घोड्याच्या खांद्याकडे वाकते आणि तोल जातो. न बघता कळतं असं सगळे म्हणतात, कसं ते कुणी सांगत नाही.’

मला ते नागावच्या वाळूवर उमगलं. ओहोटीला सुरूच्या बनासमोर जो ओला, घट्ट पट्टा उघडा पडतो, तिथून कुणाला तरी घोडा दुडकीने नेऊ द्या आणि मागून खूर बघत चाला. मागच्या पायाचा ठसा त्याच बाजूच्या पुढच्या ठशावर, नाहीतर अगदी लगत पडलेला दिसेल. टेकताना मात्र हे दोन पाय सोबती नसतात. डावा पुढचा आणि उजवा मागचा एकदम टेकतात, घोडा क्षणभर अधांतरी होतो, मग उजवा पुढचा आणि डावा मागचा. या तिरक्या जोड्या म्हणजेच डायगोनल.

उजवीकडे गोल फिरताना डावा खांदा पुढे गेला की उठायचं, हे ताईंना पाठ आहे. पण खांदा ही नुसती खूण. वळणात खरं काम आतल्या, म्हणजे उजव्या मागच्या पायाचं. तो पोटाखाली येऊन भार पेलतो. तो हवेत असताना आपण खोगिरावरून उठलेले असलो तर त्याला मोकळेपणी पुढे येता येतं. तो टेकला की बसायचं. तेव्हा शोधायचा तो हा पाय, आणि तो डोळ्यांना दिसतच नाही.

सुरुवात कदमचालीवर करा. दोरी दुसऱ्याच्या हाती, रिकिबी सोडलेल्या, डोळे मिटलेले. उजवा मागचा पाय पुढे येतो तसं घोड्याचं पोट डावीकडे झुलतं, तुमचा उजवा कुल्ला किंचित खाली जातो आणि उजवी पोटरी आपसूक आत लागते. दर वेळी मोठ्याने ‘आता’ म्हणा. दोरीवाल्याने पाय बघून हो-नाही सांगावं. सलग २० वेळा ‘हो’ ऐकायला मला ३ आठवडे लागले. मग तेच दुडकीत, बसूनच. झोका तिथेही असतो, फक्त तोकडा आणि झटपट. उजव्या वळणावर डाव्या कुल्ल्याखालून वर रेटा येईल, त्या रेट्यावर उठा. चुकीच्या जोडीवर असलात तर वळणात बसणं खडबडीत होतं, अंग बाहेर ढकलल्यासारखं वाटतं. तसं झालं की एक मात्रा जास्त बसून मग उठा. जोडी बदलते.

किनाऱ्यावर एक गोष्ट जपायला हवी. नागावपासून आक्षीपर्यंत वाट सरळ, वळण नाही, त्यामुळे बाहेरचा खांदा कुठला हा प्रश्नच पडत नाही. घोडा आपल्याला त्याच्या आवडत्या जोडीवर बसवतो आणि आपण तिथेच राहतो. त्यात वाळू समुद्राकडे उतरती. महिनोन्‌महिने असं चाललं की घोडा एका अंगाने ताठतो, मग त्या बाजूला वळायला नाखूश असतो. मी आक्षीकडे जाताना एक जोडी ठेवतो, परतताना दुसरी.

पत्राला ताजा कलम आहे : सारंगखेड्याहून आणलेल्या मारवाडी घोडीवर दुडकीचा धक्का लागतच नाही. ताई, घोडी बहुधा रेवाल चालत असेल. त्या चालीत एका बाजूचे पाय पाठोपाठ पडतात, अधांतरी क्षण येत नाही, पाणी सांडू नये अशी पाठ राहते. दत्तजयंतीच्या त्या बाजारात घोडेवाले हीच चाल हौसेने दाखवतात. तिच्यावर उठायची गरजच नाही, त्यामुळे डायगोनल तिच्यावर शिकू नका. महिनाभर दुडकी चालणारा घोडा मागून घ्या. रेवालवर मात्र मला सविस्तर लिहायचंय. दौड आणखी एक आठवडा थांबेल.