जगाचे कान उघडे, करार मात्र अधांतरी

३ सप्टेंबर २०१७ रोजी उत्तर कोरियाने पुंग्ये-री येथील डोंगराच्या पोटात अणुस्फोट घडवला. त्याचा हादरा काही मिनिटांतच जगभरातील भूकंपमापक केंद्रांवर उमटू लागला आणि व्हिएन्ना येथील माहिती केंद्राने त्याचे ठिकाण व तीव्रता सदस्य देशांना कळवली. हे माहिती केंद्र सर्वंकष अणुचाचणी बंदी कराराच्या, म्हणजेच ‘सीटीबीटी’च्या, अंमलबजावणीसाठी उभारण्यात आले आहे. तो करार मात्र १९९६ मध्ये स्वाक्षऱ्यांसाठी खुला होऊनही आजवर अंमलात आलेला नाही. चाचणी झाली की ती ओळखू येते. ती करण्यास कायद्याने मनाई करणारी जागतिक बंदी तेवढी अस्तित्वात नाही. ही विसंगती कशी निर्माण झाली आणि तिची किंमत काय, हे समजून घेण्यासाठी सत्तर वर्षे मागे जावे लागते.

बिकिनीची राख

१६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली अणुचाचणी झाली. तेव्हापासून जगात दोन हजारांहून अधिक चाचण्या झाल्या असून त्यांतील बहुसंख्य अमेरिका आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्या आहेत. प्रारंभीच्या काळात या चाचण्या उघड्या आकाशाखाली होत आणि त्यांचे परिणाम चाचणीक्षेत्रापुरते मर्यादित राहतील, असे गृहीत धरले जाई.

१ मार्च १९५४ रोजी हे गृहीतक कोसळले. प्रशांत महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट सुमारे सहा मेगाटनांचा होईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो पंधरा मेगाटनांचा झाला. हिरोशिमावरील बॉम्बच्या जवळपास हजार पट ही शक्ती होती. किरणोत्सर्गी राख रोंगेलाप बेटावरील वस्तीवर पडली. घोषित धोक्याच्या क्षेत्राबाहेर मासेमारी करणाऱ्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी नौकेवरील २३ खलाशांनाही किरणोत्सर्गाची बाधा झाली. तिचा रेडिओचालक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मरण पावला.

त्यानंतर महिनाभरातच, २ एप्रिल १९५४ रोजी, पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी लोकसभेत सर्व अणुचाचण्या निदान स्थगित ठेवण्याचे आवाहन केले. चाचण्या थांबवण्याची मागणी आंतरराष्ट्रीय राजकारणात ठोस स्वरूपात मांडणारे ते पहिले राष्ट्रनेते मानले जातात. स्फोटातून बाहेर पडणारे स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सर्गी द्रव्य गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत व दातांत साठते, हेही पुढे स्पष्ट झाले. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९५८ मध्ये हजारो वैज्ञानिकांच्या स्वाक्षऱ्यांचे निवेदन संयुक्त राष्ट्रसंघाला सादर केले.

अर्धी बंदी

बंदी हवी, याविषयी महासत्तांमध्येही तत्त्वतः फारसा वाद उरला नव्हता. वाद होता तो विश्वासाचा. दुसऱ्याने जमिनीखाली गुपचूप स्फोट केला तर तो कळणार कसा? १९५८ च्या उन्हाळ्यात जिनिव्हात दोन्ही गटांचे तज्ज्ञ एकत्र बसले. जमिनीवर १६० ते १७० केंद्रे उभारल्यास बंदीवर देखरेख ठेवता येईल, असा आराखडा त्यांनी दिला. त्याच वर्षी चाचण्यांना स्वयंघोषित विरामही मिळाला. तो तीन वर्षे टिकला. १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने चाचण्या पुन्हा सुरू केल्या आणि त्या वर्षी ३० ऑक्टोबरला नोवाया झेमल्यावर सुमारे पन्नास मेगाटनांचा, आजवरचा सर्वांत मोठा, स्फोट घडवला.

क्युबा पेचप्रसंगाने जगाला युद्धाच्या उंबरठ्यावर नेल्यानंतर वाटाघाटींना गती आली. तरीही संशयास्पद हादऱ्यांच्या जागेवर जाऊन किती तपासण्या करायच्या, या मुद्द्यावर घोडे अडलेच. अमेरिका वर्षाला किमान सात मागत होती, सोव्हिएत संघ तीनपलीकडे जायला तयार नव्हता. अखेर ज्यावर देखरेख कठीण, तेच वगळण्यात आले. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत झालेल्या आंशिक चाचणी बंदी कराराने वातावरण, अंतराळ आणि पाण्याखालील स्फोटांवर बंदी घातली. भूगर्भ मोकळा ठेवला. करार ८ ऑगस्टला इतर देशांसाठी खुला झाला, त्याच दिवशी भारताने त्यावर स्वाक्षरी केली.

या कराराने आकाशातून पडणारी राख पुष्कळ कमी झाली. फ्रान्स आणि चीन त्याबाहेर राहिले; त्यांचे वातावरणातील स्फोट अनुक्रमे १९७४ आणि १९८० पर्यंत चालू होते. शस्त्रस्पर्धा मात्र थांबली नाही, ती जमिनीखाली गेली. जगातील एकूण चाचण्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश भूगर्भात झाल्या आहेत. १८ मे १९७४ ची भारताची पोखरण चाचणीही भूगर्भात झाल्यामुळे तिने या कराराचा भंग झाला नाही.

स्फोट ओळखायचा कसा?

राजकारणी थबकले असताना भूकंपशास्त्रज्ञांचे काम सुरूच होते. १९७६ पासून जिनिव्हात विविध देशांच्या तज्ज्ञांचा एक गट आंतरराष्ट्रीय देखरेखीची पद्धत विकसित करत होता. भूकंपात खडकांचे दोन भाग एकमेकांवरून सरकतात. स्फोटात मात्र खडक एका बिंदूपासून सर्व दिशांना एकाच वेळी बाहेर ढकलला जातो. त्यामुळे स्फोटाच्या नोंदीत सर्वांत आधी पोहोचणाऱ्या दाबलहरी ठळक, तर भूपृष्ठावरून जाणाऱ्या संथ लहरी तुलनेने क्षीण असतात. या प्रमाणावरून दोहोंतील फरक ओळखता येतो.

स्फोट अण्विक होता की साध्या दारूगोळ्याचा, हे हवा सांगते. अणुविखंडनातून झेनॉन वायूचे किरणोत्सर्गी प्रकार तयार होतात. हा वायू कशाशीही सहज संयोग पावत नसल्याने खडकांच्या फटींतून हळूहळू बाहेर झिरपतो. २००६ मधील उत्तर कोरियाच्या पहिल्या चाचणीनंतर कॅनडातील यलोनाइफ येथे, तर २०१३ च्या चाचणीनंतर सुमारे पन्नास दिवसांनी जपानमधील ताकासाकी येथे हा वायू सापडला.

आज या जाळ्यात ३३७ ठिकाणांची योजना असून त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक कार्यरत आहेत. भूकंपमापनाची १७०, मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीची ६०, सागरी ध्वनीची ११ आणि हवेतील किरणोत्सर्गी कणांची ८० केंद्रे, शिवाय १६ प्रयोगशाळा असा हा विस्तार आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेली उल्का त्याने ऐकली. नोव्हेंबर २०१७ मध्ये बेपत्ता झालेल्या ‘सान हुआन’ या अर्जेंटिनाच्या पाणबुडीचा शोध घेण्यासही त्याच्या नोंदी उपयोगी पडल्या. त्सुनामीचा इशारा देणाऱ्या संस्थाही या केंद्रांची माहिती वापरतात.

चव्वेचाळीस देशांची अट

शीतयुद्ध ओसरताना राजकीय हवाही बदलली. कझाकस्तानातील सेमिपालातिन्स्क येथे चाळीस वर्षांत ४५६ चाचण्या झाल्या होत्या. तेथे कवी ओल्झास सुलेमेनोव यांच्या नेतृत्वाखाली १९८९ मध्ये मोठे जनआंदोलन उभे राहिले आणि २९ ऑगस्ट १९९१ रोजी ते क्षेत्र बंद झाले. २९ ऑगस्ट हा आता अणुचाचणीविरोधी आंतरराष्ट्रीय दिन आहे. सोव्हिएत संघाची शेवटची चाचणी १९९० मध्ये, अमेरिकेची १९९२ मध्ये झाली. जानेवारी १९९४ मध्ये जिनिव्हात सर्वंकष बंदीच्या वाटाघाटी सुरू झाल्या.

१० सप्टेंबर १९९६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने कराराचा मसुदा १५८ विरुद्ध ३ मतांनी स्वीकारला. विरोधी मते भारत, भूतान आणि लिबियाची होती. मसुद्यात मात्र एक कठोर अट होती : अणुभट्ट्या बाळगणाऱ्या ४४ नामनिर्दिष्ट देशांपैकी प्रत्येकाने अनुमोदन दिल्याखेरीज करार लागू होणार नाही. कुणीही सुटू नये म्हणून घातलेल्या या अटीने प्रत्येकाच्या हाती नकाराधिकार दिला. करारावर आजवर १८७ देशांनी स्वाक्षरी केली असली, तरी या ४४ पैकी नऊ देशांचे अनुमोदन नाही. भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरिया यांनी स्वाक्षरीच केलेली नाही. अमेरिका, चीन, इस्रायल, इराण आणि इजिप्त यांनी स्वाक्षरी करूनही अनुमोदन दिलेले नाही. अमेरिकी सिनेटने तर १३ ऑक्टोबर १९९९ रोजी करार फेटाळला. रशियाने आधी दिलेले अनुमोदन नोव्हेंबर २०२३ मध्ये मागे घेतले.

भारताचा आक्षेप

ज्या देशाने स्थगितीची हाक प्रथम दिली, तोच विरोधात का गेला? जिनिव्हात भारताची बाजू मांडणाऱ्या राजदूत अरुंधती घोष यांचे मुद्दे स्पष्ट होते. अण्वस्त्रे नष्ट करण्याची कालबद्ध हमी करारात नव्हती. ज्यांच्याकडे शेकडो चाचण्यांची माहिती आणि शक्तिशाली संगणक आहेत, ते स्फोट न करताही शस्त्रे सुधारू शकतील. बंदीचा भार इतरांवरच पडेल. शिवाय ज्या कराराला भारताची संमती नाही, त्याच्या अंमलबजावणीसाठी भारताचे अनुमोदन सक्तीचे करणे सार्वभौमत्वाला बाधक आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली.

मे १९९८ मधील पोखरणच्या चाचण्यांनंतर भारताने स्वेच्छेने चाचणीविराम जाहीर केला आणि २००८ च्या नागरी अणुकराराच्या वेळी त्याचा पुनरुच्चार केला. तो आजही पाळला जातो. या भूमिकेतील गुंतागुंत कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे दिसते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची तेथील भूकंपमापक यंत्रणा साठच्या दशकात ब्रिटिश सहकार्याने उभी राहिली. याच पिढीतील कॅनडाची यलोनाइफ आणि ऑस्ट्रेलियाची वॉरामुंगा ही केंद्रे आज जागतिक जाळ्याचा भाग आहेत. भारत करारात नसल्यामुळे गौरीबिदनूर त्याबाहेर आहे.

तपासणीचा अडलेला अधिकार

अंमलात नसतानाही या कराराने काहीच साधले नाही, असे म्हणता येणार नाही. या शतकात उत्तर कोरियाखेरीज अन्य कोणत्याही देशाने अणुचाचणी जाहीर केलेली नाही. जी गोष्ट पूर्वी दर आठवड्याला घडे, ती आता बदनामीची मानली जाते.

पण देखरेख जाळ्यालाही मर्यादा आहे. अत्यंत अल्प शक्तीचा स्फोट दुरून निश्चितपणे ओळखता येत नाही. त्यासाठी करारात प्रत्यक्ष जागेवरील तपासणीची तरतूद आहे. ५१ सदस्यांच्या कार्यकारी परिषदेतील किमान ३० जणांनी मान्यता दिल्यास निरीक्षक एक हजार चौरस किलोमीटरपर्यंतचा प्रदेश तपासू शकतात. हा अधिकार मात्र करार लागू झाल्यावरच मिळणार आहे. २०१९ पासून अमेरिकेने रशिया व चीनवर अशा छोट्या स्फोटांचा संशय व्यक्त केला आहे, त्या दोघांनी तो नाकारला आहे आणि खरेखोटे करण्याचा कोणताही मार्ग कुणाकडे नाही. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी इतरांच्या बरोबरीने अमेरिकेच्या चाचण्या सुरू करण्याची घोषणा केली, तिच्यामागेही हाच संशय होता. हे अणुस्फोट नसतील, असा खुलासा नंतर त्यांच्या ऊर्जामंत्र्यांनी केला.

१९६३ मध्ये तपासण्यांच्या संख्येवर एकमत न झाल्याने भूगर्भ मोकळा राहिला आणि हजाराहून अधिक स्फोट तेथे झाले. आज तपासणीची पद्धत, यंत्रे आणि नियम तयार आहेत. नऊ राजधान्यांतील संमतीअभावी ते कागदावरच राहिले, तर निराधार संशय आणि खरा भंग यांतील फरक कुणालाच सिद्ध करता येणार नाही. चाचण्या पुन्हा सुरू करू पाहणाऱ्याला यापेक्षा सोयीची सबब मिळणे कठीण आहे.